केडगावची वाट

स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीविषयी लिहायचा निरोप आला, तेव्हा मी पंडिता रमाबाईंना निवडले. त्यामागे एक जुने देणे आहे. नववीत इतिहासाच्या तासाला बाईंनी रमाबाईंविषयी कोणाला काही ठाऊक आहे का, असे विचारले होते. त्यांनी धर्म बदलला, एवढेच मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले आणि वर्ग हसला. माझी पणजी केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढलेली. तरीही मी मान खाली घालून गप्प बसले.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते लेकीला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून हिंडे. १८७४च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी हजारो मैल चालत राहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवले. पण पुढे भाऊ वारला, मग पती बिपिनबिहारी मेधावीही. तेविसाव्या वर्षी तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. विहिरीवर शोमरोनी बाईशी येशू बोलला, ती गोष्ट त्यांना तिथे भिडली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्याला हलवले. तिथे मुलींना ख्रिस्ती वळण लावल्याचा आरोप झाला. रानडे आणि भांडारकरांसारखे पाठीराखेही दूर झाले. त्यांची तक्रार निराधार होती, असे मी म्हणणार नाही. पण रमाबाईंची गोष्ट तिथे संपत नाही.

१८९६ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. त्या वाचताना रमाबाईंना आपली आई आठवली, रानात भावाबरोबर काढलेले दिवस आठवले. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांना बायबल पुन्हा पुन्हा बजावते, की तुम्हीही एकदा परके आणि पीडित होता, ते विसरू नका. मला वाटते, रमाबाईंनी आपला भूतकाळ असाच वाचला. देवाने दुष्काळ का धाडला, याचे कोडे सोडवत त्या बसल्या नाहीत. आपण त्यातून वाचलो, तर आता आपल्यावर काय येऊन पडते, एवढेच त्यांनी पाहिले आणि त्या निघाल्या. सुमारे तीनशे मुली आणायचे त्यांनी ठरवले. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेले. त्यांत माझी पणजी होती. गाव, आडनाव, वय, तिला काहीच सांगता येत नव्हते.

पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. लेकीमागे वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्याही गेल्या.

पणजी ताटावर बसण्याआधी दार उघडून रस्त्याकडे बघायची, असे आजी सांगे. आम्हाला ते म्हातारपणाचे खूळ वाटायचे. २०२० मध्ये टाळेबंदीत डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे आमच्या घरावरून चालत गावाकडे निघाली, त्यांत एक बहीण-भाऊ होते. मी ताटावरून उठले आणि दार उघडले. त्या दिवशी पणजी मला कळली, आणि रमाबाईही.

बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली. ते आज देते आहे.