विभावरी शिरूरकर

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस आज कर्वेनगर ही गजबजलेली वस्ती आहे. उंच इमारती, दुकाने आणि वाहनांची अखंड वर्दळ पाहिली म्हणजे येथे एके काळी केवळ उघडा माळ होता, हे कोणास खरे वाटणार नाही. त्या काळी हा भाग हिंगणे बुद्रुक या नावाने ओळखला जाई. धोंडो केशव कर्वे यांनी विधवा स्त्रियांच्या शिक्षणासाठी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम ही संस्था स्थापन केली. पुढे शहरात प्लेगने थैमान घातले आणि आश्रमासाठी गावाबाहेर जागा शोधणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली आश्रम त्या झोपडीत आला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाले की कर्वे आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेत आणि चिखल तुडवीत पायी हिंगण्याची वाट धरीत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मुलींना उच्च शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हा त्या विद्यापीठाचा विशेष होता.

या माळावरील वसतिगृहात शिरूर गावाहून एक लहान मुलगी शिकण्यासाठी आली. तिचे नाव बाळूताई खरे. पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर घोड नदीच्या काठी हे शिरूर गाव आहे. त्याला घोडनदी असेही म्हणतात. बाळूताईंचा जन्म १९०५ सालचा. वडील अनंतराव खरे शिक्षक होते. शिक्षकाचा पगार तो केवढा! त्यात घरात मुलींची संख्या मोठी. परंतु बाळूताईंच्या आई इंदिराबाई मोठ्या कर्तृत्ववान होत्या. त्यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला आणि अनेक वर्षे तो नेटाने चालवून संसाराला हातभार लावला. दहाबारा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकून मोकळे व्हावे, अशी त्या काळची रीत होती. ती खरे मास्तरांनी मोडली. मुलीच्या लग्नाची चिंता करण्याऐवजी त्यांनी तिला हिंगण्यास धाडले.

हिंगण्यास बाळूताईंना पुस्तकांबरोबर माणसेही वाचावयास मिळाली. आठव्या-दहाव्या वर्षी विधवा झालेल्या मुली, सासरी छळ झाल्यामुळे परत आलेल्या स्त्रिया, आईबापांनी हौसेने शिकावयास ठेवलेल्या कुमारिका अशा सर्व जणी तेथे एकत्र राहत. रात्री दिवे मालवल्यावर त्या एकमेकींना काय सांगत असतील, याची कल्पना बाहेरच्या जगाला नव्हती. बाळूताईंच्या मनात मात्र ते सर्व साठत गेले. त्यांनी महिला विद्यापीठाची पदवी मिळविली. या विद्यापीठाने पदव्यांनाही देशी नावे दिली होती. पहिल्या पदवीस गृहीतागमा म्हणत. पुढे बाळूताई पुण्याच्या कन्याशाळेत अध्यापिका झाल्या व काही काळाने मुख्याध्यापिकेचे काम पाहू लागल्या. हिंदूंच्या कायद्याविषयीचा एक ग्रंथही त्यांनी एका सहलेखकाबरोबर सिद्ध केला. स्त्रीला घरात, वारशात आणि विवाहात कायद्याने काय मिळते व काय नाकारले जाते, हे त्यांनी नीट अभ्यासले होते. कथालेखिका होण्याची ही वाट जरा निराळीच म्हणावयाची.

त्या सुमारास मराठी वाचक कादंबऱ्यांच्या, विशेषतः प्रेमकथांच्या, नादी लागला होता. प्रा. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांवर तरुण मंडळी लुब्ध होती. त्यांची ‘दौलत’ ही कादंबरी १९२९ साली प्रसिद्ध झाली. रुबाबदार नायक, सुशिक्षित देखणी नायिका, त्यांची अवचित भेट, रुसवे, गैरसमज आणि शेवटी मीलन, अशी रचना फडके मोठ्या कौशल्याने करीत. कथा कशी गुंफावी याचे शास्त्रही त्यांनी ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात सांगितले. वि. स. खांडेकर आपल्या कादंबऱ्यांत प्रेमाला ध्येयवादाची जोड देत. या सर्व कथांत स्त्रिया होत्या, पण त्या पुरुषांच्या लेखणीतून उतरलेल्या होत्या. त्याआधी हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत यमू नावाच्या स्त्रीची कहाणी तिच्याच तोंडून वदविली होती आणि ती वाचून महाराष्ट्र हळहळला होता. ती लेखणीदेखील पुरुषाचीच. लिहिणाऱ्या स्त्रिया नव्हत्या असे नाही. काशीबाई कानिटकर यांच्यासारख्या लेखिका होऊन गेल्या होत्या. परंतु शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित तरुणीच्या मनात प्रेमाविषयी, घराविषयी आणि स्वतःविषयी काय चालते, हे त्या तरुणीनेच लिहावे, असे अद्याप घडले नव्हते.

१९३३ साली ते घडले. ह. वि. मोटे या प्रकाशकांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. हे नाव त्यापूर्वी कोणी ऐकले नव्हते. विभावरी म्हणजे रात्र. शिरूरकर हे आडनाव कोठून आले, हे आज सहज उमगते. पण तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

या संग्रहातील कथा राजवाड्यांत किंवा बंगल्यांत घडत नाहीत. त्यांतील मुली मध्यम स्थितीतल्या घरांतील आहेत. वडिलांनी त्यांना शिकविले, त्या मिळवत्या झाल्या आणि हळूहळू त्यांच्या पगारावर घर चालू लागले. धाकट्या भावाची फी, घरखर्च, आजारपण, सर्व भार त्यांच्यावर. त्यांची वये पंचविशीकडे झुकली. मुलीचे लग्न झाले तर घर कोणी चालवावयाचे, या विचाराने आईबाप तिच्या विवाहाचा विषय काढीत नाहीत. आणि संस्कारांमुळे मुलीला तो स्वतः काढता येत नाही. उमलण्यापूर्वीच कोमेजू लागलेल्या कळ्या त्या याच. मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा वर्षे ठरविणारा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला होता. बालवयात लग्न झाल्यामुळे होणारे हाल सर्वांस ठाऊक होते. शिकून मोठ्या झालेल्या मुलीचे दुःख मात्र नवे होते आणि त्याला नाव नव्हते. मुलींना शिकवा, म्हणजे त्या सुखी होतील, असे सुधारक म्हणत. मुलींना शिकवाल तर त्या बिघडतील, असे सनातनी म्हणत. विभावरी शिरूरकर या दोन्ही पक्षांना गैरसोयीचे काही सांगत होत्या.

पुस्तक प्रसिद्ध होताच वादळ उठले. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला, सभांतून निषेध झाला. कुलीन स्त्रीने मनातील गोष्टी अशा उघड्या कराव्यात, हे अनेकांना सहन झाले नाही. काही वाचकांनी मात्र लेखिकेच्या धैर्याची वाखाणणी केली. या सर्व गदारोळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाई, की ही विभावरी शिरूरकर आहे तरी कोण? कोणी एका स्त्रीकडे बोट दाखवी, कोणी दुसरीकडे. एखाद्या पुरुषानेच स्त्रीचे नाव घेऊन लिहिले असावे, असाही तर्क काहींनी केला.

इकडे खरी लेखिका शाळेत मुलींना शिकवीत होती.

टोपणनाव घेणे हा भित्रेपणा होय, असे कोणी म्हणेल. परंतु बाळूताईंची स्थिती लक्षात घ्यावयास हवी. त्या मुलींच्या शाळेत काम करीत होत्या. पालकांचा विश्वास उडाला असता तर नोकरी गेली असती आणि त्यांच्याबरोबर शाळेचे नावही लोकांच्या तोंडी आले असते. हिंगण्याची संस्था लोकांनी दिलेल्या लहानमोठ्या देणग्यांवर उभी होती. लोकांचा राग ओढवून घेणे तिला परवडणारे नव्हते. नाव लपविल्याने लेखिका सुरक्षित राहिली, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे हे, की तिला खरे लिहिता आले. या मौनाची किंमत मात्र मोठी होती. आपल्या पुस्तकावर समोर कोणी काहीही बोलले, तरी त्यांना उत्तर देता येत नव्हते आणि कोणी स्तुती केली तरी आनंद दाखविता येत नव्हता.

वादळाने लेखणी थांबली नाही. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. पतीशी संसार तुटलेल्या स्त्रीला दुसऱ्या कोणाविषयी प्रेम वाटले तर तिने काय करावे, हा तिचा विषय. त्या काळी हिंदू पुरुष एक पत्नी असताना दुसरी करू शकत असे, पण हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क बहुधा नव्हताच. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला. म्हणजे कादंबरीतील नायिकेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास कायद्याला दोन दशके लागली. यानंतर ‘विरलेले स्वप्न’ ही प्रेमकथा त्यांनी दैनंदिनीच्या रूपाने लिहिली. प्रेमात पडलेली दोन माणसे आपापल्या दैनंदिनीत जे लिहितात, त्यातून वाचकाला कथा उलगडत जाते. एकच प्रसंग दोघांना किती निराळा दिसतो, हे त्यात समजते.

१९३६ साली बाळूताईंच्या आयुष्याला वळण लागले. त्यांनी पुण्यातील काम सोडले आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये सरकारी अधिकारी म्हणून त्या रुजू झाल्या. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. त्या जमातींतील स्त्रीपुरुषांना व मुलांना काटेरी तारांच्या कुंपणात ठेवले जाई आणि त्यांची नियमाने हजेरी घेतली जाई. तान्ह्या मुलालाही गुन्हेगार समजणारा हा कायदा देशात १९५२ पर्यंत होता. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतील दुःखे ज्यांनी पाहिली होती, त्यांना येथे दुःखाचे अगदी निराळे जग दिसले. लिहिण्याची घाई मात्र त्यांनी केली नाही. हे अनुभव मनात मुरू दिले. ‘बळी’ ही कादंबरी १९५० साली प्रसिद्ध झाली तेव्हा त्या तारांच्या आतील माणसांचे जीवन मराठी वाचकांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. केवळ प्रेमकथांचीच लेखिका असा ज्यांचा समज होता, त्यांना तो बदलावा लागला. त्यांच्या सर्व पुस्तकांत ‘बळी’ सर्वांत श्रेष्ठ, असे पुष्कळ जाणकार मानतात.

१९३८ साली त्यांचा विवाह विश्राम बेडेकर यांच्याशी झाला आणि बाळूताई खरे मालतीबाई बेडेकर झाल्या. विश्राम बेडेकर हे नाटककार, चित्रपट-दिग्दर्शक आणि लेखक. विवाहानंतर वर्षभरातच, १९३९ मध्ये, त्यांची ‘रणांगण’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटीवर एक मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू तरुणी यांची भेट होते, अशी तिची कथा आहे. एकाच घरात दोन लेखक, तेही दोघे स्वतंत्र बुद्धीचे! पुढे विश्राम बेडेकरांनी ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या नावाने आत्मचरित्र लिहिले.

दरम्यान टोपणनावाचे गुपित उघड झाले होते. आता ते नाव टाकून द्यावयास हरकत नव्हती. परंतु मालतीबाईंनी कथा-कादंबऱ्यांसाठी ते सोडले नाही. लपण्यासाठी घेतलेले नाव हेच आता त्यांचे खरे नाव झाले होते.

१९५३ साली त्यांनी ‘खरेमास्तर’ ही कादंबरी लिहिली. ती त्यांच्या वडिलांच्या जीवनावर आधारलेली आहे. लोकनिंदा सोसून मुलींना शिकविणारा हा गरीब शिक्षक तिच्यात उभा राहतो. पण मुलीने वडिलांची केवळ पूजा बांधलेली नाही. ज्या मुलींना त्यांनी स्वतंत्र विचार करावयास शिकविले, त्या खरोखरच स्वतंत्र वागू लागल्या तेव्हा वृद्ध पित्याच्या मनाची जी ओढाताण झाली आणि जो एकटेपणा त्यांच्या वाट्यास आला, तोही तिने तितक्याच प्रामाणिकपणे सांगितला आहे. आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसाविषयी असे लिहिणे परक्यांविषयी लिहिण्याहून कठीण असते.

मालतीबाईंनी नाटकेही लिहिली, आणि घराचा आसरा नसलेल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करून ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे पुस्तक सिद्ध केले. १९८१ साली त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. साहित्याच्या व्यवहारात शासनाने हस्तक्षेप करू नये, या भूमिकेतून काही साहित्यिकांनी त्या वर्षी मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरविले. अध्यक्षपदासाठी त्यांनी मालतीबाईंना बोलाविले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ज्या लेखिकेला आपले नाव सांगता आले नव्हते, ती त्या व्यासपीठावर सर्वांसमोर उभी राहिली. २००१ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर विभावरी शिरूरकर हेच नाव राहिले.