पडदे रंगवणारे बाबूराव

माझी ऑनलाइन मुलाखत होती. मी घरी, झरीला. मागं पोपडे निघालेली भिंत, ज्वारीची पोती. लाज वाटली, म्हणून बॅकग्राउंड ब्लर केलं. तेवढ्यात आई मागून गेली, तर तीही पुसट! त्या रात्री मला बाबूराव पेंटर आठवले.

बाबूराव मेस्त्री, जन्म कोल्हापूरचा, १८९० चा. मागचं दृश्य बदलून देणं हाच त्यांचा धंदा! नात्यातल्या आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. एक पडदा सोडला की राजवाडा, दुसरा सोडला की अरण्य. पुढं दोघांनाही सिनेमाचं वेड लागलं. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. दामल्यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा कोल्हापुरातच बनवला. (वर्कशॉपला दांडी मारणाऱ्यांनो, ऐकताय ना?) १९२० साली 'सैरंध्री' झळकला. सिनेमात त्यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे सेट उभे केले. आणि १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये सावकारानं जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची भकास झोपडी अख्ख्या थिएटरला दाखवली. १९५४ साली ते गेले.

ज्यानं राजवाडे रंगवून पोट भरलं, त्याला झोपडी झाकावीशी वाटली नाही. आणि मी? ज्या पोत्यांवर माझी फी निघाली, तीच पुसत बसलो!

पुढच्या मुलाखतीला ब्लर बंद. भिंत दिसली तर दिसू दे. आई मात्र स्पष्ट दिसली पाहिजे.