पिंटो यांची हत्या आणि केनियाचे वळण

केनियाने १९६५ साली पाश्चात्त्य गटाकडे जे वळण घेतले, त्याचा विचार एका गोमंतकीयाच्या चरित्रावाचून पुरा होत नाही. पिओ गामा पिंटो १९२७ मध्ये नैरोबीत जन्मले. शिक्षण मात्र भारतात झाले. मुंबईत डाक-तार खात्यात असताना ते संपात उतरले, गोवामुक्तीच्या कार्यात पडले आणि अटकेची चिन्हे दिसताच १९४९ मध्ये केनियास परतले. पोर्तुगीजांशी मांडलेले भांडण तेथे इंग्रजांशी चालू राहिले. माऊ माऊ लढ्यास साह्य केल्यावरून १९५४ साली, विवाहास वर्षही झाले नसताना, त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. १९५९ पर्यंत ते बंधनात होते. केनियातील बहुसंख्य हिंदी व्यापारी तेव्हा काठावरच उभे होते, हेही नमूद केले पाहिजे.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. घोषणा अलिप्ततेची होती. पण गोऱ्या मळेवाल्यांच्या जमिनी ब्रिटिश कर्ज काढून विकत घ्यावयाच्या, असे ठरताच तिला मुळातच मर्यादा पडली. ज्याचे कर्ज, त्याचा शब्द मोडणे अवघड. जोमो केन्याटा यांना यात वावगे वाटले नाही. ओगिंगा ओडिंगा यांनी १९६४ मध्ये मॉस्को व पेकिंग येथून मदतीची आश्वासने आणली. पिंटो हे या ओडिंगा गटाचे कुशल संघटक. पाश्चात्त्य वकिलाती त्यांना कम्युनिस्टांचा हस्तक समजत. वस्तुतः त्यांचा आग्रह भूमिहीनांना जमीन मिळावी हा होता, आणि सत्ताधाऱ्यांना तोच अधिक झोंबणारा होता.

२४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत राहत्या घराच्या फाटकापाशी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. लहान मुलगी मोटारीतच होती. पुढील घटना झपाट्याने घडल्या. एप्रिलमध्ये मोंबासाला आलेली सोव्हिएत शस्त्रे केन्याटांनी जुनाट म्हणून नाकारली. 'आफ्रिकी समाजवादा'च्या सरकारी निवेदनाने परकी भांडवलाला अभय दिले. १९६६ मध्ये ओडिंगा उपाध्यक्षपदावरून बाहेर पडले. १९६९ मध्ये तुरुंगात गेले. पिंटो जगते तर हे सारे टळले असते असे नव्हे. परंतु पक्षांतर्गत विरोधाला निधी, वृत्तपत्र आणि मतांची जुळवाजुळव पुरविणारा माणूसच नाहीसा झाला होता.

हत्येबद्दल एका तरुणाला शिक्षा झाली. निरपराध असल्याचे सांगत तो २००१ पर्यंत तुरुंगात राहिला. खरे सूत्रधार न्यायालयापुढे कधीच आले नाहीत.