टिळकांनी मुंबईचं कॉलेज सोडलं तेव्हा...

आमचं गाव घाटनांदूर. ता. अंबाजोगाई, जि. बीड. गावात रेल्वे स्टेशन आहे. लातूर रोड-परळी लाईनवर. एवढी एक गोष्ट आम्ही पाव्हण्यांना हमखास सांगतो. यंदा मला दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर मिळून मी या कॉलेजात आलो. घरी पेढे वाटून झाले. आणि आता महिन्याभरात एक विषय ड्रॉप करावा का, या विचारात पडलोय. विषय कोणता ते सांगत नाही, सर हे पान वाचतात! फॉर्म भरायची मुदत जवळ आलीय. वडिलांना फोनवर सांगायची हिंमत होत नाही. शेतातल्या कापसावर फी भरलेली आहे.

याच दिवसांत लायब्ररीत लोकमान्य टिळकांचं चरित्र हाती आलं. टिळक म्हटलं की आपल्याला केसरी, मंडाले, गणेशोत्सव एवढंच आठवतं. भाषणात तेवढंच पाठ केलेलं असतं ना! पण मला त्यातला कॉलेजातला पोरगा जास्त आवडला.

जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात. १८६६ साली त्यांची बदली पुण्याला झाली आणि घर तिकडे आलं. थोड्याच दिवसांत आई गेली. १८७२ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी मॅट्रिक. म्हणजे सोळाव्या वर्षी आईबाप नाहीत, लग्न मात्र झालेलं, आणि आधार काका गोविंदरावांचा. अशा पोराने डेक्कन कॉलेजात नाव घातलं की काय करावं? आपले लोक म्हणतील, मुकाट अभ्यास. या गड्याने पहिलं वर्ष चक्क तालमीत घालवलं. प्रकृती किडकिडीत होती म्हणून व्यायाम, पोहणं, कुस्ती आणि दाबून जेवण. अभ्यास मागे पडला तो पडलाच. पण पुढे तुरुंगात जी शरीराने साथ दिली, ती तिथली कमाई. वर्ष वाया गेलं असं त्यावेळी किती जणांनी म्हटलं असेल!

स्वभाव असा सडेतोड की मित्रांनी मिस्टर ब्लंट नाव पाडलं होतं. आवडता विषय गणित. आणि गणित शिकवायला होते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. या माणसाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पण ग्रहगणितात हुकमी. ग्रहसाधनाची कोष्टके हे त्यांचं पुस्तक १८६० चं. टिळक त्यांचे लाडके शिष्य.

आता आपल्या मुद्द्याची गोष्ट. बी.ए. च्या अभ्यासात टिळक पुणं सोडून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथे गणिताला हॅथॉर्नथ्वेट नावाचे साहेब प्रोफेसर होते. मुंबई म्हणजे मोठं कॉलेज, मोठं नाव. आजच्या भाषेत बेटरमेंटच की! पण केरूनानांच्या हाताखाली शिकलेल्या या पोराला तिथलं शिकवणं काही रुचलं नाही. मग काय केलं? बोरीबिस्तरा उचलला आणि परत डेक्कन कॉलेज. रेल्वे घाटातून झालेली होतीच.

मला इथे थांबून विचार करावासा वाटला. मोठ्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली आणि आपणच ती सोडायची, याला छाती लागते. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांनाही पडलाच असेल. कारण मिस्टर ब्लंट झाला तरी तो काकांच्या आधारावर शिकत होता. पुढे बी.ए. ला गणितात पहिला वर्ग मिळाला, म्हणून आज हा निर्णय शहाणपणाचा दिसतो. नसता मिळाला तर? मला वाटतं तरीही तो बरोबरच होता. कारण त्यांनी गणित सोडलं नव्हतं, फक्त वर्ग सोडला होता. (हे वाक्य मी माझ्यासाठी लिहिलंय, वडिलांना दाखवायला!)

पण एवढ्यावर त्यांना हिरो करून सोडणं बरं नाही. एम.ए. काही पुरं झालं नाही. ते टाकून कायद्याकडे वळले, १८७९ मध्ये एल.एल.बी. झाले आणि वकिली केलीच नाही! त्याच काळात कॉलेजात आगरकरांशी रात्र रात्र चर्चा व्हायच्या, शाळा काढायच्या. २ जानेवारी १८८० ला चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. एम.ए. उरकून आगरकर नंतर आले. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघालं, तिथे टिळक गणित शिकवायचे. फळ्यावर सगळ्या पायऱ्या मांडत बसायचे नाहीत म्हणे. हुशार पोरं खूश आणि बाकीचे आमच्यासारखे! १८९० मध्ये मतभेद झाले आणि राजीनामा देऊन तेही सोडलं. केसरी, खटले, मंडाले हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते लिहीत नाही.

केरूनाना १८८४ सालीच गेले. पण त्यांनी लावलेलं ग्रहगणिताचं वेड शिष्याने सोडलं नाही. वेदांचा काळ ताऱ्यांवरून काढणारं ओरायन १८९३ चं. पंचांगाचा वादही त्यातलाच. रेवती नक्षत्रातला एक तारा आरंभबिंदू धरायचा, हा टिळकांचा पक्ष. नेहमीच्या पंचांगापेक्षा यात सुमारे चार अंशांचा फरक पडतो, म्हणजे सूर्याच्या चालीने चारेक दिवस. त्यामुळे कधी कधी अधिक महिना वेगळा येतो. आमच्या घाटनांदूरला हे कुणाला माहीत नाही. पण कोकणात टिळक पंचांग पाळणारी घरं आजही आहेत, आणि तसं वर्ष आलं की त्यांचा गणपती आपल्यापेक्षा महिनाभर आधी बसतो.