विश्लेषण : देवळालीच्या शिक्षकाचा ६१७४ आणि न अडकणारा लूप

चिंचवड स्टेशनच्या सिग्नलला थांबलात, तर पुढच्या 'एमएच १४' गाडीचे शेवटचे चार आकडे पाहा. चारही सारखे नसले म्हणजे झाले. समजा ३५२४. उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५; वजाबाकी ३०८७. आलेल्या संख्येवर पुन्हा हीच क्रिया केली की ८३५२ आणि तिसऱ्यांदा ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, उत्तर ६१७४च. कोणतीही पाटी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचते. प्रोग्रामिंग शिकताना लूपचा सराव म्हणून हे गणित सोडवले जाते. ते शोधणारे द. रा. कापरेकर शाळेत शिक्षक होते.

कोण होते कापरेकर?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीतूनच मुलाला अंकांची गोडी लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक आणि १९२९मध्ये बी.एस्सी. त्यापुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे त्यांनी देवळालीत शिकवले. शोधांना नावे देतानाही माणूस घराजवळच राहिला: 'देवळाली संख्या' गावावरून, 'डेम्लो संख्या' डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून.

त्यांच्या क्रियेतून प्रोग्रामरने काय घ्यावे?

सी भाषेत, म्हणजे चिपच्या अगदी जवळ काम करताना, तयार सोयी कमी असतात. एकामागून एक किंमत देणारी यंत्रणा (इटरेटर) स्वतःच बांधावी लागते, आणि ती जितकी छोटी तितकी बरी. कापरेकरांच्या क्रियेला तीन गोष्टी पुरतात. सध्याची संख्या ठेवायला एक जागा, तिथे पहिली संख्या ठेवणारे एक फंक्शन आणि पुढची संख्या काढणारे दुसरे. हे दुसरे फंक्शन संख्या मिळाली तर हो, संपले तर नाही, एवढेच कळवते. वापरणाऱ्याने हो येत आहे तोवर विचारत राहायचे. आत आकडे कसे लावले, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. उद्या आतली पद्धत बदलली तरी बाहेरचा लूप तसाच चालतो.

मग चूक कुठे होते?

पहिली शून्यात. १००० घेतले तर १००० वजा ०००१ म्हणजे ०९९९. संगणक पूर्णांक साठवताना पुढचे शून्य ठेवत नाही. फंक्शनने तीनच आकडे धरले, तर ९९९ वजा ९९९ करून लूप शून्यावर बसतो. चार आकडे धरले तर ८९९१, ८०८२, ८५३२ असे होत ६१७४ येते. ही काळजी फंक्शनने आतच घ्यायची. ती वापरणाऱ्यावर ढकलणे म्हणजे अर्धे काम.

दुसरी चूक जास्त महाग. तीच संख्या पुन्हा आली की थांबायचे, हा नियम चार आकड्यांना चालतो. तीन आकड्यांनाही चालतो, तिथे ४९५ येते. दोन आकड्यांत मात्र ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१ असा फेरा सुरू होतो. कुठलीच संख्या लागोपाठ दोनदा येत नाही आणि प्रोग्राम कधीच थांबत नाही. गाडीतल्या कंट्रोलरमध्ये असा लूप अडकला, तर वॉचडॉग टायमर चिप पुन्हा सुरू करू शकतो. पण तो शेवटचा उपाय. त्यापेक्षा फेऱ्यांची कमाल मर्यादा सुरुवातीच्या फंक्शनलाच सांगावी. चार आकड्यांसाठी सात पुरतात. २००५ घेऊन पाहा, सातही लागतात.

कापरेकरांची दखल कधी घेतली गेली?

फार उशिरा. ६१७४ त्यांनी १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. भारतातल्या गणितज्ञांनी तो फारसा मनावर घेतला नाही. आकड्यांची गंमत, यापलीकडे त्यांना त्यात काही दिसले नाही. मोठी नियतकालिके लांबच राहिली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि नाव जगभर गेले. तेव्हा कापरेकर ७० वर्षांचे होते. १९८६मध्ये देवळालीत त्यांचे निधन झाले.