वसईच्या विजेत्याचा विस्मृत स्मृतिदिन

वसई, ता. १७ (प्रतिनिधी) - दिनविशेषाच्या चौकटीत १७ डिसेंबर या तारखेपुढे काही ठरलेल्या नोंदी असतात. १९०३ मध्ये राइट बंधूंनी अमेरिकेतील किटी हॉक येथे यंत्रशक्तीवर पहिले विमानोड्डाण केले. १९२७ मध्ये काकोरी कटातील क्रांतिकारक राजेंद्रनाथ लाहिरी यांना गोंडा येथील तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यानंतर बरोबर एक वर्षाने भगतसिंग आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू यांनी लाहोरमध्ये साँडर्स या पोलिस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. या सर्वांहून जुनी आणि वसईकरांना सर्वांत जवळची असलेली एक नोंद मात्र बहुधा राहून जाते. १७ डिसेंबर १७४० रोजी, वसईच्या विजयानंतर अवघ्या एकोणीस महिन्यांनी, चिमाजीअप्पांचे पुण्यात निधन झाले. तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशीही गाठली नव्हती.

बाळाजी विश्वनाथ भट आणि राधाबाई यांचे हे धाकटे चिरंजीव. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथांचे निधन झाले आणि छत्रपती शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रे थोरल्या बाजीरावास दिली. तेव्हापासून पुढील वीस वर्षे बाजीरावाच्या प्रत्येक मोठ्या उद्योगामागे चिमाजीअप्पांचा हात राहिला. बाजीराव घोड्यावर असे तेव्हा घर, दरबार आणि वसुलाची काळजी अप्पा वाहत. मात्र ते केवळ मागे राहून कारभार पाहणारे नव्हते. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेरा येथे त्यांच्या फौजेने मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर या दोघांनाही लढाईत ठार केले. माळव्याची वाट मराठ्यांना तेथून मोकळी झाली. एप्रिल १७३६ मध्ये कुलाब्यानजीकच्या लढाईत जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात त्यांच्या फौजेच्या हातून पडला आणि कोकण किनाऱ्यावरील सिद्द्यांचा जोर ओसरला.

प्रकृती मात्र प्रथमपासूनच नाजूक होती. छातीच्या विकाराने आणि खोकल्याने ते वारंवार अंथरुणास खिळत. घरातही दुःखाचा प्रसंग लवकर आला. पत्नी रखमाबाई १७३० मध्ये पुत्र सदाशिवरावाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत निवर्तल्या. हाच बालक पुढे पानिपतचा भाऊसाहेब म्हणून इतिहासात प्रसिद्ध झाला.

वसईची मोहीम हे अप्पांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे आणि सर्वांत महाग पडलेले कार्य. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली होती. दोनशे वर्षांत तटबंदी, चर्च आणि वाड्यांनी गजबजलेले हे शहर पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी बनले. हिंदूंच्या धार्मिक विधींवर निर्बंध होते आणि त्याबद्दलचा असंतोष प्रांतात साचलेला होता. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक वतनदारांनी पुण्याशी संधान बांधले आणि १७३७ च्या वसंतात मोहिमेस तोंड फुटले. ठाण्याचा किल्ला लवकरच हाती आला. त्याच वर्षी अर्नाळा बेट घेण्यात आले. वसईचा तट मात्र ढळेना. शंकराजी केशव फडके यांनी पावसाळ्यातही वेढ्याची धग कायम ठेवली.

१७३८ च्या अखेरीस स्वतः चिमाजीअप्पा पुन्हा कोकणात उतरले. त्यांची पद्धत घाईची नव्हती. प्रथम वसईच्या उत्तरेकडील ठाणी एकेक करून तोडण्यात आली. जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर सर झाले. तारापूरच्या तटाखाली बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांच्या घरोब्यातील सरदार कामी आला. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यावर स्वारी करून पोर्तुगीजांना तेथेच गुंतवून ठेवले. परिणामी गोव्याहून वसईला पुरेशी कुमक येऊ शकली नाही. समुद्राची बाजू मानाजी आंग्र्यांच्या आरमाराने रोखली.

फेब्रुवारीत किल्ल्याला निकराचा वेढा पडला. तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल असल्याने खरा हल्ला उत्तरेच्या जमिनीकडूनच शक्य होता आणि तेथेच तोफांचा मारा सर्वाधिक होता. मराठ्यांनी वाळूत खंदक खणत तटापर्यंत मजल मारली आणि बुरुजाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. ते उशिरा फुटले तेव्हा चढाई करणारे मराठेच त्याखाली सापडले. पोर्तुगीजांचा सेनापती सिल्व्हेरा दे मेनेझिस गोळी लागून पडला, तरी शिबंदी झुंजत राहिली. दिल्ली नादिरशहाच्या ताब्यात गेल्याने वसईत अडकलेली फौज लवकर मोकळी होणे बाजीरावालाही निकडीचे झाले होते. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे अप्पांच्या मदतीस आले. मे महिन्याच्या मध्यास सेंट सेबॅस्टियन बुरूज सुरुंगाने उडाला आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. मराठ्यांचे हजारो लोक या वेढ्यात पडले.

इतक्या रक्तपातानंतर सूड घेतला गेला असता तरी त्या काळाच्या रीतीस ते धरूनच झाले असते. अप्पांनी तसे होऊ दिले नाही. शिबंदीला शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. आपली चीजवस्तू घेऊन जाण्यासाठी रहिवाशांना आठवड्याची मुदत मिळाली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपल्या धर्माचे आचरण करण्याची मुभा राहिली. २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. वसईतील ख्रिस्ती समाज आजही आपल्या परंपरांसह येथे नांदतो आहे.

विजयानंतरचे महिने मात्र सुखाचे गेले नाहीत. मस्तानीच्या प्रकरणाने पेशव्यांच्या घरात तेढ माजली होती आणि तिला आवरण्याचा भार अप्पांवर आला. १७४० च्या आरंभी दोघे बंधू निजामपुत्र नासिरजंगाविरुद्ध एकत्र लढले आणि मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यानंतर ते निरोप घेऊन दोन दिशांना गेले. एप्रिलअखेर नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावाचे निधन झाले. ही वार्ता कळली तेव्हा अप्पा कुलाब्याच्या मोहिमेवर होते. पुतण्या नानासाहेबास पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत झिजलेला देह विसावला. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात मुठेकाठी ओंकारेश्वराच्या आवारात अप्पांची समाधी आहे.

वसईनंतरही दमण, दीव आणि गोवा पोर्तुगीजांकडेच राहिले. चिमाजीअप्पांच्या मृत्यूनंतर २२१ वर्षांनी, १९६१ मध्ये, १७ आणि १८ डिसेंबरच्या मधल्या रात्री भारतीय सैन्याने गोव्याच्या मुक्ततेसाठी ऑपरेशन विजय सुरू केले. १९ डिसेंबर रोजी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती लिहून दिली आणि भारतातील पोर्तुगीज राजवट संपली.

तारखांचा हा मेळ हा योगायोगच मानला पाहिजे. पेशव्यांच्या दफ्तरात तिथी लिहिली जाई. पोर्तुगीज नवे पंचांग वापरत, तर इंग्रज १७५२ पर्यंत जुने. दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. पोर्तुगीजांचा १६ मे हा इंग्रजांचा ५ मे होता. पेशवाईच्या इतिहासात एकाच घटनेच्या दोन तारखा आढळतात त्या बव्हंशी यामुळेच. चिमाजीअप्पांची प्रचलित मृत्युतारीखही याला अपवाद असेलच असे नाही.

वसईत अप्पांची आठवण प्रामुख्याने मे महिन्यातील विजयदिनी जागवली जाते. किल्ल्यातील त्यांच्या स्मारकापाशी त्या दिवशी गर्दी होते. डिसेंबरची तारीख मात्र शांतपणे निघून जाते. ज्या किल्ल्यासाठी त्यांनी देह झिजवला तो १७८० मध्ये जनरल गॉडर्डने घेतला आणि सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत मिळाला. अखेर ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण टाकले. हा दुसरा बाजीराव थोरल्या बाजीरावाचा नातू होता.