चेऊलकरांचा डेव्हिड

रविवारची संध्याकाळ, शेजाऱ्यांकडचा कृष्णधवल दूरदर्शन संच, खोलीत दाटीवाटीने बसलेली दहा-पंधरा माणसे आणि पडद्यावर जुना हिंदी चित्रपट. ज्यांचे बालपण मुंबई-पुण्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत गेले, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. त्या चित्रपटात मध्येच कुठे तरी दार उघडायचे आणि एक ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, तुळतुळीत टकलाचे गृहस्थ आत यायचे. डोळे मिस्कील, हसणे तोंडभर. ते आले की आता मुला-मुलीचे काही तरी मार्गी लागणार, अशी घरातल्या आजीचीसुद्धा खात्री पटायची. नाव विचारले तर सगळे सांगत, डेव्हिड. आडनाव मात्र कुणाला ठाऊक नसे. ख्रिश्चन असावेत, असे म्हणून विषय संपायचा.

त्यांचे आडनाव होते चेऊलकर. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पेणचा पेणकर, रोह्याचा रोहेकर, तसा चेऊलचा चेऊलकर. अलिबाग-रेवदंड्याकडे जाणाऱ्यांना आज चौल म्हणून माहीत असलेले ते जुने बंदर म्हणजेच हे चेऊल. ज्या माणसाला आपण चाळीस वर्षे परका समजत आलो, तो कुलाबा जिल्ह्याचे नाव पाठीवर घेऊन फिरत होता.

डेव्हिड बेने इस्रायली होते. फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि त्यातून वाचलेली मोजकी जोडपी कोकणातच राहिली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. भाषा मराठी, बायकांचे नेसणे नऊवारी, नवस फेडायचा तो नारळ-पोह्यांचा मलिदा करून. बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तने रचणारा हा समाज. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली झळकला, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर हेही याच समाजातले. मुंबईच्या नाटक-सिनेमाच्या धंद्यात या मूठभर लोकांनी केलेल्या कामाची नोंद आपण फारशी ठेवली नाही, ही गोष्ट निराळी.

डेव्हिड यांचा जन्म १९०८-०९ च्या सुमाराचा. मुंबई विद्यापीठाचे ते पदवीधर. कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. पण बी. ए. होऊन ते बाहेर पडले १९३० साली, आणि ती वेळच वाईट होती. जगभर मंदीची लाट होती. मुंबईत पदवीची सुरळी हातात घेऊन कचेऱ्यांचे जिने चढणाऱ्या तरुणांची काही वाण नव्हती. डेव्हिड यांनी एक-दोन नव्हे, सुमारे सहा वर्षे नोकरी शोधण्यात काढली. पंचविशी ओलांडलेला, शिकलेला मुलगा घरी बसलेला असणे म्हणजे काय, हे त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबांना सांगायला नको. शेवटी ज्या धंद्याकडे तेव्हा सभ्य घरे नाक मुरडत होती, त्या सिनेमाच्या धंद्याकडे ते वळले. नटाला लागते ते रूप नाही, उंची नाही, गळा नाही. होती ती फक्त हौस, आणि दुसरे काही मिळत नाही ही जाणीव.

नायमपल्ली या नटमित्राच्या ओळखीने त्यांना मोहन भवनानींच्या ‘झांबो’ या जंगलपटात काम मिळाले. साल १९३७. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, इतर नट नायक म्हणून नाव काढतात त्या वयात, डेव्हिड पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. पुढे १९४१ साली बॉम्बे टॉकीजच्या ‘नया संसार’मध्ये ते दिसले. अशोककुमार आणि रेणुकादेवी यांचा हा चित्रपट वृत्तपत्राच्या जगावरचा होता आणि त्याची कथा ख्वाजा अहमद अब्बास या तरुण पत्रकाराची होती. अब्बास यांच्याशी जुळलेला हा धागा डेव्हिड यांना फार पुढपर्यंत उपयोगी पडला.

१९४३ साली मुंबईत ‘इप्टा’ची, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची स्थापना झाली. युद्ध चालू होते, बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती आणि रंगभूमीने याबद्दल काही बोलले पाहिजे असे वाटणारे लेखक-नट एकत्र आले होते. बलराज साहनी, अब्बास ही त्यातली ठळक नावे. डेव्हिडही या मंडळींत होते. गल्ला, झगमगाट, मोठ्या अक्षरांतले नाव यांतले तिथे काहीच नव्हते. पण चार माणसांत मिसळून काम करायचे, आपल्या वाट्याचे पाच मिनिटांचे काम नायकाच्या कामाइतक्याच मनापासून करायचे, ही त्या मंडळींची रीत होती. डेव्हिड यांच्या पुढच्या साऱ्या कामात ती दिसते.

पडद्यावर येऊन सतरा वर्षे झाल्यावर त्यांच्या आयुष्यातली भूमिका आली. १९५४ सालचा ‘बूट पॉलिश’. निर्माते राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू ही दोन पोरकी भावंडे. काकी त्यांना भीक मागायला धाडते, पैसे कमी आणले तर मारते. वस्तीत त्यांना एकच मायेचे माणूस आहे, जॉन चाचा. आणि हा चाचा कोण? तर दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकणारा. स्वतः कायदा मोडणारा हा माणूस मुलांना मात्र बजावतो, की उपाशी राहिलात तरी हात पसरू नका, त्या हातांनी काम करा. मग मुले पै-पैसा साठवून बूट पॉलिशचे सामान घेतात.

ही भूमिका सोपी नाही. चाचाला साधुसंत केला असता तर तो खोटा वाटला असता. नुसता विनोदी दारूवाला केला असता तर त्याचा उपदेश हास्यास्पद झाला असता. डेव्हिड यांनी तो केला तो असा, की आपण वाया गेलो हे त्याला पक्के माहीत आहे आणि निदान या दोघांनी तरी वाया जाऊ नये यासाठी तो धडपडतो. उपदेश करताना त्याच्या आवाजात अधिकार नसतो, विनवणी असते. चाचा प्रश्न करतो आणि वस्तीतली मुले उत्तरे देतात, ते गाणे आजही शाळांच्या स्नेहसंमेलनांत होते. त्यात चाचासाठी आवाज आहे महंमद रफींचा; पण पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो डेव्हिड यांचा हसरा, घामेजलेला चेहरा. तुरुंगातले मन्ना डे यांनी गायलेले शास्त्रीय ढंगाचे गाणेही त्यांच्याच वाट्याचे. आपल्याच टकलाची थट्टा करून घ्यायला ते तिथे मागेपुढे पाहत नाहीत.

‘फिल्मफेअर’ पारितोषिकांत साहाय्यक अभिनेत्यासाठी वेगळे पारितोषिक पुढच्याच वर्षी, १९५५ साली, सुरू झाले. ते पहिले पारितोषिक जॉन चाचाला मिळाले. चरित्र अभिनेत्यांच्या लांबलचक रांगेत पहिला मान अशा रीतीने चेऊलकरांकडे गेला. सहा वर्षे नोकरीसाठी वणवण करणाऱ्या त्या पदवीधराच्या दृष्टीने हे यश केवढे असेल, याची कल्पनाच करावी.

पण या धंद्याची गंमत अशी, की चरित्र अभिनेत्याला कितीही मोठे पारितोषिक मिळाले तरी त्याचा दुसरा दिवस पहिल्यासारखाच असतो. नायकाचा भाव वाढतो. चाचाला पुन्हा चाचाच व्हावे लागते. डेव्हिड यांनी त्याबद्दल कुरकुर करत बसण्यापेक्षा काम केले. चाळीसहून अधिक वर्षांत शंभराहून अधिक चित्रपट झाले. अब्बास यांच्या ‘शहर और सपना’मध्ये ते होते, मुंबईत डोक्यावर छप्पर नसलेल्या जोडप्याची ही गोष्ट १९६३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पारितोषिक घेऊन गेली. मनोजकुमारच्या ‘उपकार’मध्येही ते दिसले.

पडद्याबाहेरचे डेव्हिड तर आणखीच निराळे होते. मराठी मातृभाषा, हिंदी-उर्दू सफाईदार आणि इंग्रजी पदवीधराचे. त्यामुळे चित्रपटसृष्टीतल्या समारंभांचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे आपसूकच येई. फिल्मफेअरच्या पारितोषिक समारंभांत त्यांनी वर्षानुवर्षे ध्वनिक्षेपक सांभाळला. नायक-नायिकांच्या गर्दीत हा ठेंगणा माणूस पुढे येऊन दोन वाक्ये बोलला, की सभागृह त्याचे होई. दुसरा त्यांचा जीव होता भारोत्तोलनात. त्या क्षेत्रात ते पंच आणि संघटक म्हणून मनापासून वावरले. शरीरसौष्ठवाशी ज्यांचा पडद्यावर दुरूनही संबंध आला नाही, ते डेव्हिड वजने उचलणाऱ्या पहिलवानांच्या पुढ्यात पंच म्हणून बसत. १९६९ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

त्यांना मनाजोगे दिग्दर्शक भेटले ते हृषीकेश मुखर्जी. मध्यमवर्गीय घरातल्या साध्या माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या हृषीदांना असेच वडीलधारे हवे होते. ‘अनुपमा’मध्ये ही साथ दिसते. ‘सत्यकाम’मध्ये डेव्हिड पारशी झाले. ‘चुपके चुपके’मध्ये शर्मिला टागोरचा, बहिणीच्या खोडीत सामील होणारा भाऊ. ‘गोलमाल’मध्ये रामप्रसादला नोकरीची नेमकी युक्ती सांगणारे केदारमामा. आखूड कुर्ता, मिशा आणि संस्कार यांवर भाळणाऱ्या भवानीशंकरांची नस या मामांनाच ठाऊक असते. साऱ्या गोंधळाचे मूळ त्यांच्या सल्ल्यात आहे. नोकरीसाठी वणवणणाऱ्या तरुणाला वाट दाखवणारा हा मामा रंगवताना १९३० सालचे ते जिने डेव्हिड यांना आठवले नसतील, असे म्हणवत नाही.

‘अभिमान’मधले त्यांचे काम पुन्हा एकदा मुद्दाम पाहावे. लग्नाच्या मेजवानीत अमिताभ आणि जया भादुरी एकत्र गातात. सगळे टाळ्या वाजवतात. रायबहादूर ब्रिजेश्वरलाल झालेले डेव्हिड तेवढे विचारात पडतात. बायको नवऱ्यापेक्षा सरस गाते, हे त्यांच्या जाणत्या कानांनी टिपलेले असते. पुढे या घरात काय होणार, याची चाहूल चित्रपटात सर्वांत आधी त्यांना लागते. काम काही मिनिटांचे. पण पुढच्या साऱ्या कथेचा भार त्यावर उभा आहे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहते आणि फक्त डोळे बदलतात. १९७९ साली बासू चटर्जींच्या ‘बातों बातों में’मध्ये ते टॉम अंकल झाले आणि लोकल गाडीतल्या अमोल पालेकर-टीना मुनीमची ओळख त्यांनीच करून दिली. सत्तरीचा तो गृहस्थ त्या चित्रपटात तरुणांइतकाच ताजा दिसतो.

ही सारी यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. डेव्हिड पडद्यावर ख्रिश्चन झाले, पारशी झाले, उत्तरेतले हिंदू जमीनदार झाले. कोकणातल्या तेल्याच्या घाण्याची आठवण सांगणारा मराठी बोलणारा ज्यू मात्र हिंदी सिनेमाने त्यांना कधी विचारलाच नाही. तसे माणूस या देशात आहे, हेच बहुतेकांना माहीत नव्हते. त्यांच्या नावावरून लोकांनी त्यांना जे समजून घेतले, ते त्यांनी हसतमुखाने निभावले.

आणि इकडे तो समाजही आटत चालला होता. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र जन्माला आले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कोकणातली, ठाण्यातली, मुंबईतली बेने इस्रायली कुटुंबे बोटीत आणि विमानात बसून निघून गेली. घरे विकली गेली, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला माणसे जमवावी लागू लागली. कुणी छळले म्हणून ही माणसे गेली नाहीत; धर्माच्या ओढीने आणि मुलांच्या भवितव्यासाठी गेली. डेव्हिड मागे राहिले. त्यांचे काम इथे होते, सोबती इथे होते. लग्न त्यांनी केले नाही. पडद्यावर शेकडो जोडप्यांची गाठ घालून देणारा हा माणूस स्वतः आजन्म एकटा राहिला.

अखेर तेही गेले; आणि गेले ते इस्रायलला नव्हे, तर कॅनडाला, नातलगांकडे. १९८१ च्या हिवाळ्यात टोरांटो येथे त्यांचे निधन झाले. वय त्र्याहत्तरच्या आसपास. ज्याने जन्मभर मुंबईचा घाम, मुंबईची वस्ती आणि मुंबईची लोकल पडद्यावर जिवंत केली, त्याचा शेवट बर्फाच्या मुलखात झाला. ‘खूबसूरत’ला येऊन तेव्हा जेमतेम दीड-दोन वर्षे झाली होती.

आज अलिबाग-रेवदंड्याच्या रस्त्याने चौलला जाणारे प्रवासी दत्ताच्या टेकडीवर जातात, रामेश्वराचे दर्शन घेतात, नारळी-पोफळीच्या सावलीत थांबतात. या गावाचे नाव लावणारा एक माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात येऊन गेला आहे, हे तिथे कुणी सांगत नाही. पुढच्या वेळी ‘गोलमाल’ लागला आणि केदारमामा दारातून आत आले, की शेजारी बसलेल्या नातवंडांना एवढे जरूर सांगावे, की हे डेव्हिड, आणि हे आपल्या चेऊलचे.